शाकारलेली सायकल

मिठबावची मांजरं उगीच कुणाच्या दारात बसत नाहीत. होडीला माशाचं तेल चोपडलं, तर मात्र तिथून हलत नाहीत. म्हणून मागच्या पडवीत मांजरांची जत्रा भरली तेव्हा सुगंधाला नवल वाटलं. तिचा नवरा बाबली जहाजावरचा खलाशी, वर्षभर रजेवर घरी होता. त्याला होडी नव्हतीच. होती ती सायकल.

आणि सायकल तरी कशी, तर विलायती, काळीभोर, अंगावर सोनेरी रेघा, चामड्याची सीट, डायनामोचा दिवा. "एवढ्यात दोन म्हशी इल्यो असत्यो," असं सासूने पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. पण बाबली नुसता बाजाराला निघाला तरी म्हातारे विडी ओढायची विसरून बघत बसायचे. सुगंधा मागे बसून माहेरी जायची तेव्हाचा तिचा तोरा तर विचारूच नका. एकटी असली की ती सीटवर हात फिरवायची, खाली जमिनीकडे बघायची आणि हात मागे घ्यायची. उंच माणसाची सायकल ती.

नारळी पौर्णिमा झाली. गावाने होड्या माडाच्या विणलेल्या झापांखालून बाहेर काढल्या, आणि या शहाण्याने सायकल झापांखाली घातली. दांड्यादांड्याला माशाचं तेल, वर झाप, वर सुंभाचा वेढा. पावसाळ्याआधी होडी शाकारतात, अगदी तशी. पाऊस सरत आल्यावर हे कसलं खूळ? सुगंधा विचार करत राहिली. होडी शाकारली की माणूस घरी राहतो. मग सायकल शाकारली की? पुढचं सुचलं आणि तिने तडक पान वाढायला घेतलं.

"सायकल शाकारल्यात कित्याक?" तिने भात वाढताना विचारलं.

बाबली मान खाली घालून म्हणाला, "खारो वारो लागान गंजतली गो."

"गेला वरीसभर नाय गंजली ती?"

"जहाजाचा बोलावणा इला," तो अखेर बोलला. "गणपती झाले काय जावचा आसा. मी परत येयसर सायकल तरी बरी रवांदे."

सुगंधाला राग आला आणि रडूही आलं.

"सायकल शाकारल्यात. माका खंय शाकारतलात?"

बाबली ताटावरून तसाच उठला. त्यानंतर सुगंधा त्या पडवीकडे फिरकली नाही. मेली ती सायकल, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं.

गणपती गेले, पाठोपाठ बाबलीही गेला. त्याला निरोप देऊन ती घरी आली, तर मागे एकही मांजर नव्हतं. का बरं, म्हणून ती बघायला गेली. झाप कोपऱ्यात रचलेले होते. सायकल राखेने घासून लख्ख पुसलेली, तेलाचा वासही नाही. आणि सीट पार खाली, दांड्याला टेकलेली.

सुगंधाने लुगड्याचा कासोटा घट्ट केला, सायकल घरापुढच्या खळ्यात काढली आणि सीटवर बसली. दोन्ही पाय जमिनीला लागले.