तिसरं वाक्य

देवाच्या दारी माणसाचा फेरविचार होतो म्हणतात. सासऱ्याच्या दारी होत नाही, एवढं कोशकाराला लग्नापासून ठाऊक होतं. सासरे घरपट्टी खात्यातले निवृत्त मूल्यमापक. लेकीनं पसंत केलेल्या या मुलाला त्यांनी एकदाच नखशिखान्त न्याहाळलं आणि शेरा मारला, "भिंती उभ्या आहेत. पाया दिसत नाही." तो शेरा अजून कायम होता.

कोशकाराच्या कचेरीत बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश चालला होता. आज 'रीअसेस करणे' हातावेगळं करायचं होतं. शब्द आला घरपट्टीच्या वाटेनं: घरावर मजला चढला की पट्टी पुन्हा ठरायची, तेच रीअसेस. तिथून तो दवाखान्यात शिरला, रोग्याची तब्येत नव्यानं जोखायला. पुढे लोक माणसांनाही रीअसेस करू लागले, असा कोशकाराचा दावा. पण कचेरीचा नियम कडक. प्रत्येक अर्थाला तीन जणांच्या तोंडची वाक्यं हवीत, आणि तीही सहज निघालेली, जशीच्या तशी उतरवलेली. विचारून काढलेलं वाक्य बाद. या अर्थाला दोनच मिळाली होती.

जुन्या अर्थाची खातरजमा करायला मुख्य संपादकबाईंनी नेमकं सासऱ्यांनाच बोलावलं. चहा घेत ते घरपट्टीवर भरभरून बोलले. कोशकाराला राहवेना.

"बाबा, माणसाबद्दल नाही का कोणी असं म्हणत?"

बाईंनी कपाळाला हात लावला. विचारलं की संपलं.

"माणसाबद्दल?" सासरे म्हणाले. "घरावर मजला चढतो. माणसावर चढते ती चरबी."

"मग गाळू या हा अर्थ," बाई म्हणाल्या. "की घालता एखादं मनचं वाक्य? संध्याकाळी पान छापायला जातंय. कोण विचारतोय?"

कोशकाराचा जीव त्या अर्थात अडकला होता. माणसाला दुसऱ्यांदा पाहतात, याला घरात आधार नव्हताच. आता कोशातही उरणार नव्हता.

"नको बाई. कुणी बोललंच नाही ते कसं लिहू? गाळा."

"अहो, किती राबलात यासाठी!"

"राबलो म्हणून खोटं छापू?"

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. उठले, जिन्याशी जाऊन लेकीला फोन लावला. कानानं जरा मंद, त्यामुळे आवाज खणखणीत.

"निघतोय गं. आज तुमच्याकडेच जेवेन म्हणतो… अगं, असंच. तुझ्या नवऱ्याला रीअसेस केलं मी आत्ता… हो, पाया आहे. भिंतींचं बघू."



"लिहा की!" बाई कुजबुजल्या. "न विचारता बोललेत!"

कोशकार पेन शोधत राहिला. पेन त्याच्या हातातच होतं. शेवटी बाईंनीच चिठ्ठी ओढली आणि वाक्य उतरवून घेतलं. 'भिंतींचं बघू'सकट, कारण नियम म्हणजे नियम.