चार टाक्यांचा प्रोसेसर

मित्रांनो, संगणक म्हटलं की तुम्ही पडद्याकडेच बघता. मी मात्र शेजारच्या डब्यात, पंख्याखाली बसलेला एक जुना प्रोसेसर आहे. अंगाने बिस्किटाएवढा, पण तुम्ही कळ दाबली की विचार करायचा तो मीच.

जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव असतो, अशा कारखान्यात मी जन्मलो आणि दुकानाच्या खालच्या फळीवर येऊन पडलो. माझा थोरला भाऊ वर काचेत, दिव्याखाली. गिऱ्हाईक आधी त्याला बघे, मग किंमत बघे आणि मग तोंड वाकडं करून मला.

एकदा एक सासू-सून आल्या. सासूबाई निवृत्त शिक्षिका. वर्गात सांगितलेल्या गोष्टींचं पुस्तक लिहायचं होतं त्यांना, तेही नजर पुरती जायच्या आत.

"ताई, जरा वरचा घ्या," दुकानदार म्हणाला. "हा म्हणजे गोगलगाय."

सुनेने पिशवीतून विणकाम काढलं. "दोन्ही लावून दाखवा. या पेनड्राइव्हमधली आईंची पहिली गोष्ट उघडा."

सुया चालू झाल्या. थोरल्याने गोष्ट उघडली तीन टाक्यांत. मी चार टाक्यांत.

"एका टाक्यासाठी एवढे पैसे?" सासूबाई हसल्या. "अगं, मला चष्मा शोधायलाच ओळभर टाके लागतात. हाच घे."

"आणि उरलेल्या पैशांत तुमच्यासाठी मोठा पडदा," सून म्हणाली.

"ताई, पुढच्या वेळी सुया घरी ठेवून या बरं का," दुकानदाराने हात जोडले.

त्या मोठ्या पडद्यावर अंगठ्याएवढी अक्षरं करून सासूबाई एका बोटाने लिहू लागल्या. मुंगीच्या पावलांनी वर्षं गेली. चुकलं की त्या माझीच पाठ थोपटून म्हणत, "तुझी नाही रे, माझी चूक." एवढा मान थोरल्यालाही कुठे मिळाला असेल?

पण शेवटची गोष्ट उरली आणि मी धापा टाकू लागलो. सुनेने मोजलं, अकरा टाके.

"वहिनी, भंगारात द्या तो डबा," धाकटा दीर म्हणाला.

"नव्याशी ओळख करून घ्यायला माझ्या डोळ्यांना आता सवड नाही रे," सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यांना आता पडद्यावर एका वेळी एकच शब्द दिसत होता.

सुनेने डब्याचं झाकण काढलं. आत धुळीची लोकरच साठली होती! तिने ती मऊ कुंचल्याने झाडली. दिराने कुरकुरत का होईना, पंखा उचलून माझ्या डोक्यावरचा, उष्णता पंख्याकडे नेणारा वाळका लेप पुसला आणि ताजा लावला. पुन्हा सुया चालल्या. पाच टाके.

"एक टाका वयाचा," सासूबाई म्हणाल्या. "तो माफ."

त्याच आठवड्यात त्यांनी चाचपत शेवटचा पूर्णविराम दिला.

मित्रांनो, माझ्यासारख्याला निवडताना आधी आपल्या कामाला विचारा, शेजाऱ्याला नको. आणि वर्षातून एकदा झाकण उघडून धूळ झाडा. बहुतेकदा आम्ही म्हातारे झालेलो नसतो, नुसते गुदमरलेले असतो.

सासूबाईंना आता दिसत नाही. रोज संध्याकाळी सून त्यांचीच गोष्ट त्यांना वाचून दाखवते. मी पान उघडेपर्यंत ती पाच टाके विणून घेते. घाई कुणालाच नसते.