बाबांनी झाकलेली हाडं

गोबीत रस्ता असा नव्हताच. चाकोऱ्या होत्या, त्याही दहा दिशांना फुटलेल्या. चालक गानझोरिगने जुनी रशियन गाडी थांबवली.

"आजी, आता कुठे? लाल कडे तर दिसायला लागले."

"थांब. उंटावरून दिसायचं ते तुझ्या डब्यातून दिसत नाही." सेवेलमा काठी टेकत खाली उतरली.

"नक्की आठवतंय ना, आजी?" नात अनुजिनने विचारलं. ती राजधानीतल्या संग्रहालयात जीवाश्मांच्या कामाला होती.

"तुझ्या फोनला विचार."

"त्याला इथे रेंज नाही."

"मग गप चल."

सेवेलमा नऊ वर्षांची असताना, हरवलेली सांडणी शोधताना, बाबांना एका अजस्र प्राण्याची हाडं लाल मातीत दिसली होती. जमिनीने पोटात ठेवलेलं माणसाने उकरू नये, असं ते मानत. दर वसंतात मुक्काम हलवण्याआधी ते सेवेलमाला घेऊन यायचे, हाडांवर वाळू-दगड रचायचे आणि दूध शिंपडायचे. शोधायला आलेल्या शास्त्रज्ञांना त्यांनी चहा पाजला आणि भलतीकडे बोट दाखवलं. "कोणाला सांगू नकोस," एवढंच त्यांनी मागितलं होतं. नातीला इथवर आणलं, तरी जागा दाखवायची की नाही, हे सेवेलमाचं ठरत नव्हतं.

एका वाकलेल्या झाडापाशी ती थबकली. दगड घरंगळले होते. हाडं उघडी पडली होती. तिने मणक्याला हात लावला, तर बोटांना हाडाचं पीठ लागलं.

तिला शहरात राहायला जाऊन तीस वर्षं झाली होती. तिला वाटायचं, जमीन झाकते. जमीन कुठली, बाबाच झाकायचे.

अनुजिन समजली असावी. तिने खोदकामाच्या अवजारांच्या पिशवीला हातही लावला नाही.

"परत झाकूया का, आजी?"

"आणि पुढच्या वर्षी?"

सेवेलमाने बाटलीतलं दूध बोटांनी आभाळाकडे उडवलं, थोडं हाडांवर. ओठातल्या ओठात बाबांना काहीतरी सांगितलं. मग दगडावर बसकण मारली.

"काढ. पण सावकाश. आणि त्याला एकटं नेऊ नकोस, मी गाडीत सोबत बसेन."

अनुजिन कुंचला घेऊन वाकली.

"अगं, तिथे गुडघा नको टेकूस!" सेवेलमा ओरडली. "खाली त्याचा पाय आहे."