जमिनीवरची केबिन

दुपारच्या बातम्यांत रेडिओनं सांगितलं, युरोपकडे जाणारं एक विमान दोघांनी पिस्तुलाच्या धाकानं पळवलं. भाकरी थापता थापता सत्यभामेचा हात थांबला. विमान कुठून निघालं, कोणत्या क्रमांकाचं, काही नाही. लगेच कापसाचे भाव सुरू झाले. तिचा नवरा सहदेव काल रात्रीच मुंबईहून लंडनला शिकायला निघाला होता. त्याच्या विमानाचा क्रमांक तिनं कॅलेंडरवर टिपून ठेवला होता. पण अकोल्यात विचारायचं कुणाला?

चुलीकडे जाऊ नये म्हणून सव्वा वर्षाच्या लेकीला, मैनेला तिनं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेच्या पायाला बांधलं होतं. पोर पट्टी ओढत कुरकुरत होती.

सासरे मोतीराम उंबऱ्यात सुपारी कातरत बसले होते. उभा जन्म त्यांनी रुळांलगतच्या रेल्वे केबिनमध्ये बसून गाड्यांचा रूळ बदलणारे खटके ओढले होते.

"इमानाले केबिन नसते का वं?"

"नसते, मामाजी. चालवणारा नेईल तिकडे जातं."

"मंग चुकलंच त्यायचं. आमच्या गाडीत शंभर चोर चढू दे, ड्रायव्हरच्या कानाले पिस्तूल लावू दे. म्या खटका ओढला का गाडी माह्याच लाइनीनं जाईन. इमान बी खालूनच ओढाले पायजे."

"तसं करता येतं म्हणतात. बिनमाणसाची विमानं रेडिओनं चालवतात, मी वाचलंय."

"मंग कावून नाही करत? एवढे शिकलेले लोक."

क्षणभर तिला ते दिसलंसुद्धा. कुठल्याशा टेबलाशी बसलेला, चष्मा लावलेला कुणी शहाणा माणूस हलकेच एक खटका ओढतो आहे आणि सहदेव खाली उतरतो आहे. पण शंका काढायची तिची खोड जुनी.

"मामाजी, चोर केबिनमध्येच शिरला तर?"

अडकित्ता थांबला.

"मंग सगळ्याच गाड्या त्याच्या," ते म्हणाले.

एवढ्यात दारात सायकल वाजली. तारवाला. सही करताना तिची बोटं पिठानं चिकटत होती. तिनं तार वाचली, पुन्हा वाचली.

"काय म्हनते सहदेव?" मोतीराम उठून उभे राहिले. "पोचला?"

"कालची आहे. मुंबईहून केलेली." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "विमानात बसतो आहे, काळजी करू नये."

ते पुन्हा खाली बसले. "संध्याकाळच्या बातम्यात सांगन कोनतं इमान ते."

"सांगतील."

तव्यावरची भाकरी करपली होती. तिनं तवा उतरवला, चूल विझवली. मैना दाराकडे जायला पट्टी ताणून रडत होती.

"सोड वं तिले. चूल तं विझली."

सत्यभामेनं खाटेची गाठ सोडली आणि पट्टीचं टोक आपल्या मनगटाला दोनदा गुंडाळलं. मग ती रेडिओपाशी जाऊन बसली. संध्याकाळला अजून पाच तास होते.