ऐकलंत का!

रविवारी सकाळी दहा वाजता शोकसभा सुरू झाली आणि अर्ध्या तासाने, दोन मिनिटे शांतता पाळायची वेळ आली तेव्हा, मृताच्या थोरल्या मुलीने नकार दिला.

"शांतता नको," ती पहिल्या रांगेतून उठून म्हणाली. माइक तिच्या हातात नव्हता, तरी शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचले.

माजी सैनिकांच्या संघटनेचे सचिव गडबडले. "अहो, पद्धत असते तशी."

"असेल. चाळीस वर्षं शांतताच होती त्यांच्याकडे. आणखी दोन मिनिटं कशाला?"

"ताई, खाली बस," धाकटा भाऊ दातओठ खात पुटपुटला. सभा त्यानेच भरवली होती. त्याचे साहेब पलीकडच्या खुर्चीत होते. सकाळीच त्याने बहिणीला बजावले होते, "आज तरी जरा हळू."

हळू बोलणे त्या घराला कधी परवडले नव्हते. वडील तोफखान्यात होते; तोफेत गोळा भरणे हे त्यांचे काम. शेवटच्या मोहिमेवरून ते पदक घेऊन परतले, हातपाय शाबूत. कान तेवढे तिकडेच राहिले. कुणी जीव खाऊन ओरडले तर थोडेफार पोचायचे. कानाचे यंत्र आणले होते, पण ते कपाटातच पडून असायचे. "त्यातून माणसं ऐकू येत नाहीत, भांडी ऐकू येतात," अशी त्यांची तक्रार. पुढे छापखान्यात नोकरी लागली. "मशीनखोलीत बाकीचे हळूहळू बहिरे होतात," ते सांगायचे, "मी आधीच तयारीनं आलो."

त्यामुळे घरातले बोलणे सगळ्या गल्लीचे होऊन गेले. थोरलीचे गणितातले गुण, धाकट्याचे पहिले प्रेम, काही लपून राहिले नाही. "तुमच्यामुळे आम्हाला रेडिओ लागत नाही," समोरची काकू म्हणायची. जेवायची वेळ झाली की आई चौकटीवर पळी आपटून ओरडायची, "अहो, ऐकलंत का!" आतून तितक्याच जोरात उत्तर यायचे, "नाही!" मग वडील एकटेच हसत बसायचे. विनोद तोच, रोजचा. आई रोज चिडायची.

थोरली तिसरीत होती तेव्हा फार मोठ्याने बोलते म्हणून बाईंनी तिला वर्गाबाहेर उभे केले. वडील शाईच्या हातांनी थेट शाळेत गेले. बाई काय म्हणाल्या ते त्यांना ऐकू गेलेच नाही. त्यांनी आपले सांगून टाकले, "तिला हळू बोलायला शिकवू नका, बाई. मला मुलगी ऐकू येणार नाही."

आता ती रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर असते, 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली. वरिष्ठांनी दोनदा समज दिली. म्हातारी माणसे मात्र रांग मोठी असली तरी तिच्याच खिडकीशी थांबतात.

धाकटा कॉलेजात हळू बोलायला शिकला. तो घरी आला की वडील त्याच्या ओठांकडे बघत राहायचे आणि शेवटी थोरलीला विचारायचे, "काय म्हणतोय?"

"काय म्हणतेय पोर?" हॉलमध्ये आता मागून एका म्हाताऱ्याने विचारले. तो वडिलांचा तोफेवरचा जोडीदार. शेजारच्याने त्याच्या कानात कुजबुजून पाहिले. उपयोग शून्य.

"ओरडा म्हणतेय, काका!" थोरलीने आवाज चढवला. "त्यांना ऐकू जाईल असं!"

म्हातारा काठीवर रेलून उभा राहिला. "भरली!" त्याने अशी हाळी दिली की सचिवांच्या हातातले पाणी हिंदकळले. गोळा भरून झाला की वडिलांनी द्यायची ती आरोळी. मागोमाग छापखान्यातला कुणी ओरडला, "मशीन थांबव रे, जेवू या!"

"तमाशा चाललाय नुसता," धाकटा म्हणाला आणि साहेबांना घेऊन दाराकडे निघाला.

तेवढ्यात आई उठली. चौकट नव्हती, पळी नव्हती. तिने लोखंडी खुर्चीच्या पाठीवर तळहात आपटला.

"अहो, ऐकलंत का!"

सभेला आलेली गल्लीतली माणसे नकळत उत्तराची वाट पाहत राहिली. ते आले नाही. त्यानंतर जी शांतता पसरली ती कुणी पाळलेली नव्हती.

दाराशी धाकटा थबकला. वळला. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते थोरलीला ऐकू आले नाही.

गोंगाटाबद्दल हॉलच्या व्यवस्थापकाने लेखी खुलासा मागितला आहे. "लिहून देणार नाही, येऊन सांगेन," असे थोरलीने कळवले. सोमवारी संध्याकाळपर्यंत धाकट्याचा फोन आलेला नव्हता. आईने तोवर चौकटीवर पळी आपटून दोनदा हाक मारली होती, दोन्ही वेळा पूर्ण आवाजात.