सावली मागायला

आरीचा आवाज कानावर आला, तसा धाकटीने शिवणयंत्रावरचा पाय काढला. भिंतीपलीकडून मोठ्या जावेचा आवाज आला, "आधी वरच्या फांद्या घ्या. दोर लावून, हळू."

घराची वाटणी झाली तेव्हा अंगणात मधोमध भिंत उभी राहिली. झाड पलीकडे गेलं, त्याची सावली अलीकडे पडत राहिली. त्या सावलीत धाकटीने ब्राह्मी लावली. आधी दोन-चार मुळ्या. मग ती आपली आपण सरपटत गेली, नळाजवळच्या ओलीपासून पार पायरीपर्यंत, गोल गोल पानांची. दुपारी शिवता शिवता डोळा लागला की धाकटीला वाटायचं, अंगण हिरव्या पाण्याने भरलंय आणि आपण यंत्रासकट त्यात तरंगतोय. नवरा गेल्यानंतरच्या दुपारी तिने अशाच काढल्या होत्या. गल्लीत कुणाला भाजलं-खरचटलं की पानं न्यायला तिच्याकडे यायचे. मोठी कधी आली नाही. वाटणीपासून दोघींचं बोलणंच बंद होतं.

धाकटी उठली. मापाची टेप गळ्यात तशीच. गल्लीला वळसा घालून ती पलीकडच्या दारात जाऊन उभी राहिली.

मोठीने कमरेवर हात ठेवले. "झाड माझं आहे."

"तुमचंच आहे, जाऊबाई. मी सावली मागायला आलेय."

वर फांदीवरचा लाकूडतोड्या आरी धरून थबकला.

"मला काय हौस आलीय?" मोठी म्हणाली. "ये इकडे. बघ."

तिने धाकटीचं मनगट धरून तिचा हात बुंध्याच्या ढोलीत घातला. आत लाकूड उरलंच नव्हतं. ओलसर, मऊ भुगा बोटांतून गळून गेला. तरी धाकटीने हात लगेच काढला नाही. मनगटावरची मोठीची बोटं थंडगार होती, आणि किती हडकली होती.

"पडलं असतं तर तुझ्याच अंगावर," मोठी म्हणाली. "दुपारची तिथंच मान टाकून झोपतेस. दिसतं मला माडीवरून."

अंधार पडायच्या आत झाड उतरलं. दुसऱ्या दिवशी अंगणात भसकन ऊन शिरलं. हळूहळू ब्राह्मीच्या कडा तांबूस पडल्या, नवी पानं नखाएवढीच यायला लागली. धाकटीने शिवायची कामं बाजूला सारली आणि जुन्या चादरी एकमेकींना जोडल्या. एक बाजू आपल्या खिडकीला बांधली, दुसरीकडचा दोर भिंतीवरून पलीकडे फेकला.

"जाऊबाई, धरता का?"

मग दोर हलला.

"धरलाय गं. ओढ तू तिकडून."

पायरीजवळची ब्राह्मी गेलीच. कापडाखालची तेवढी तगली. ही सावली हिरवी नव्हती. पिठासारखी पांढरी, पातळ होती. धाकटी तिच्यात शिवत बसायची. वारा आला आणि कापड फडफडायला लागलं, की पलीकडून कुणीतरी दोर हळूच ताणून धरायचं.