माझ्या बिजागरीची खीळ

मी चंपतराव परात्यांच्या घरची घडीची गाडी बोलतेय. बोलतेय म्हणजे कुजबुजतेय, कारण मोठा आवाज मला जमतच नाही. मला फटफट नाही, धूर नाही. मी बॅटरीवर चालते आणि चालताना शिवणाच्या मशीनसारखी नुसती कुरकुरते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी भित्री आहे. जन्मल्यापासून मला एकच भीती आहे. कुणी माझ्यावर बसलेलं असताना माझी आपोआप घडी पडली तर?

माझा जन्म ब्याऐंशी सालचा, नागपुरातल्या गोळीबार चौकामागच्या गल्लीतला. चंपतराव पिढीजात विणकर. पण मागावर घर चालेनासं झालं, तेव्हा ते पॉवरलूमच्या जळक्या मोटारींत नवी तार गुंडाळून त्या भरून द्यायला शिकले. पुढच्या खोलीतला माग मात्र त्यांनी हलवला नाही. त्यांची बायको गोपिकाबाई त्यावर लुगडी विणायची. त्या खोलीत माग, विणताना पाय सोडायचा मागाचा खड्डा, भिंत आणि दोन हात मोकळी जागा, एवढंच होतं. उभी गाडी तिथे मावणं शक्यच नव्हतं. माझ्या नशिबी घडी आली ती त्या दोन हातांमुळे.

गाडी हवी होती पुष्पलताला. ही त्यांची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची. लहानपणच्या तापात तिचा डावा पाय बारीक झाला तो तसाच राहिला. तिला बर्डी भागातल्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरची नोकरी लागली आणि घरात आनंदाच्या पाठोपाठ काळजी आली. रोज जायचं कसं? सिटी बसची पायरी तिला चढवत नव्हती. सायकलरिक्षावाला त्याच्या मर्जीने यायचा. मग बापलेकीने दुकानं पालथी घातली. स्कूटरला किक मारायची तर डाव्या पायावर उभं राहावं लागतं. मोपेडला आधी पायडल मारावं लागतं. एका दुकानदाराने सुचवलं की शेजारच्या कुणाकडून तरी रोज चालू करून घ्या, मग काय बसायचं आणि निघायचं. चंपतरावांना ते पटत आलं होतं. पुष्पलता मात्र दुकानाच्या पायरीवरच अडून बसली.

"दरवेळी कोनाले बोलावू, बाबा? येताना ऑफिसात कोनाले बोलावू? मले आपली आपल्यानं निघता आलं पायजे."

दुसऱ्या दिवशी चंपतराव भंगारातून एका जुन्या जीपचा डायनामो घेऊन आले. त्यातून वीज काढायची असते, पण त्यांनी उलट त्याला वीज पाजली आणि तो फिरायला लागला. तेच माझं काळीज. सायकलच्या छोट्या रिंगा, पाइपाचा सांगाडा, मागच्या बाजूला पेटीत मोटारगाडीची बॅटरी, पुढे हँडलवर बटण. ना किक, ना पायडल. बटण दाबलं की निघाले.

मधोमध त्यांनी लोखंडी फाटकाची जाडजूड बिजागरी बसवली. तिच्यातून बोटभर जाडीची खीळ घातली की मी गाडी, खीळ काढली की मी घडी. खिळीच्या टोकाला आडवी बारीक पिन, म्हणजे खीळ निसटू नये. माझा सगळा जीव त्या खिळीत आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं.

माझ्यात एक खोड राहून गेली होती. बॅटरीपासून हँडलपर्यंतची वायर बिजागरीवरून जायची आणि ती आखूड पडली होती. घडी घालताना आधी ती हाताने उपसून काढावी लागे. चंपतराव दर रविवारी म्हणायचे, लांब वायर आणून टाकतो. पुष्पलता म्हणायची, आणाच आता, बोटं सोलून निघतात. मलाही त्या वायरीची लाज वाटायची. नव्या कोऱ्या सुनेच्या अंगावर तोकडं लुगडं असावं तसं ते दिसायचं.

वर्षभर आम्ही दोघी रोज गेलो-आलो. रस्त्यावर मला कशाची भीती वाटत नव्हती ते विचारा. माझा आवाज नाही म्हणून लोक खुशाल आडवे यायचे. शुक्रवारी नावाच्या तलावाजवळ म्हशी तर मुळीच बाजूला व्हायच्या नाहीत. पुष्पलता घंटी वाजवून वाजवून थकायची. पण खरी धडकी भरायची ती लोहापुलापाशी. वरून रेल्वे, खालून रस्ता. कॉटन मार्केटकडून गेलं की रस्ता एकदम खाली उतरतो आणि त्या बोळात ट्रक, रिक्षा, हातगाड्या, सायकली, सगळे एकमेकांना खेटून चाललेले असतात. उतारावर पुष्पलता बटण बंद करायची आणि मला नुसती सोडून द्यायची. बॅटरी वाचते म्हणायची. तेवढा वेळ मी माझी खीळ आवळून धरायचे. म्हणजे धरता येत नाही, पण धरल्यासारखी राहायचे.

मग दसरा आला.

परात्यांच्या घरी दसऱ्याला माग थांबतो. मागावर आडवं सूत नेणारे धोटे, फणी, कात्री, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. एकदा पाटावर गेलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला तेवढा एक दिवस विसावा, असा त्यांच्याकडचा रिवाज. चंपतरावांनी सकाळी मला झेंडूची माळ घातली. माझी खीळ काढून रॉकेलने लख्ख घासली आणि तीही नेऊन पाटावर ठेवली. पुष्पलताला सुट्टी होती, गाडी कुठे जाणार नव्हती. पूजा आटोपून ते उमरेडला भावाकडे निघून गेले.

दुपारी शेजारच्या दुकानात टेलिफोन आला. पुष्पलताच्या बरोबरीच्या कुसुमताईंना ताप चढला होता आणि सणाचे ट्रंककॉल तुंबले होते. लगेच या, असा निरोप. पुष्पलताने साडी बदलली, माझी घडी उघडली आणि खिळीसाठी पाटाकडे हात नेला. गोपिकाबाईने तिचा हात अडवला.

"पाटावरचं उचलू नोको वं. आजच्या दिवशी नाही उचलत."

पुष्पलताने समजावून पाहिलं. खिळीशिवाय गाडी उभीच राहत नाही, हेही सांगितलं. गोपिकाबाई काही भांडखोर नव्हती. पोरीला उशीर होऊ नये असंच तिलाही वाटत होतं. ती कोनाड्यापाशी गेली, तिथे एक तडकलेला जुना धोटा पडला होता, पूजेत न मांडलेला. धोट्याच्या पोटात एक सळई असते, तिच्यावर सुताची कांडी बसवतात. गोपिकाबाईने ती सळई उपसली आणि माझ्या बिजागरीत घालून पाहिली. भोक मोठं, सळई बारीक. मग तिने खळ दिलेलं सूत सळईवर गुंडाळलं, घट्ट, एकावर एक, तीस वर्षांच्या सवयीच्या हाताने, आणि विणकराची गाठ मारली. सळई ठोकून बसवली. हलवून पाहिली. तसूभर हलली नाही.

"तीस वर्सं झाली, हजारो हात लुगडं विनलं," ती म्हणाली, "पन ह्या सळईनं मले एक डाव दगा नाही देल्ला. जाय आता."

तिची काही चूक नव्हती. मागात ती सळई कधीच दगा देत नाही. पण मागात तिच्यावर सुताचंच वजन असतं, माणसाचं नसतं. आणि आडव्या पिनेसाठी सळईला भोक नव्हतं. हे त्या घरात फक्त मला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

पुष्पलता बसली, बटण दाबलं आणि आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी पहिला खड्डा लागला आणि माझ्या पोटातली सळई जरा सैल झाली. बिजागरीच्या पत्र्यांची धार त्या सुताला कापत होती. एक पदर तुटला, मग दुसरा. गांधीबागेत सणाच्या गर्दीतून आम्ही हळू गेलो तेव्हा मला जरा बरं वाटलं. गर्दी सरली आणि तिने मला पुन्हा पळवलं. तलावाकाठच्या खडबडीत रस्त्यावर तर एकेका दगडाला सळई थोडी थोडी वर सरकत होती. मी जमेल तेवढी कुरकुरले. तिला वाटलं, माळेतलं फूल साखळीत अडकलं. तिने वाकून माळ काढून टाकली आणि पुढे निघाली. तिच्या डोक्यात ट्रंककॉल होते, माझ्या डोक्यात लोहापूल.

मला तो उतार दिसत होता. उतारावर तिचा सगळा भार पुढे येणार, सळई निसटणार, माझं पुढचं चाक वळून मागच्या चाकाशी जाऊन बसणार आणि ती ट्रकांच्या पुढ्यात पडणार. मी तिच्यासाठी जन्मले होते आणि मीच तिला मारणार होते. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. पुढेही वाटली नाही. मी थांबू शकत नव्हते. गाडीला थांबायचं म्हटलं तरी कुणीतरी थांबवावं लागतं.

कॉटन मार्केटच्या तोंडाशी संत्र्यांच्या हातगाड्या उभ्या होत्या. तिथे सपाट रस्त्यावर एक दणका बसला. सूत संपलं. बिजागरी बोटभर फाकली आणि माझी ती आखूड वायर, जिची मला वर्षभर लाज वाटली होती, ती ताणली जाऊन बॅटरीवरून तट्‌कन निघाली. डायनामो गप्प झाला. मी चार हात घरंगळले आणि उताराच्या अलीकडे थांबले.

पुष्पलता वैतागली. मेली वायर, आजच निघायची होती का, असं पुटपुटत ती उतरली. माझं हँडल धरून मला कडेला घ्यायला लागली आणि मी तिच्या हातातच मिटले. पुढचं चाक मागे वळलं, हँडल तिच्या कुशीत आलं. सळई रस्त्यावर पडून टणटणली आणि उताराकडे घरंगळत गेली. तिला शेवटचा सुताचा तुकडा चिकटला होता.

पुष्पलताने सळईकडे पाहिलं. मग उताराकडे पाहिलं. खालून एक ट्रक घरघरत वर येत होता. ती फूटपाथवर बसली. एका संत्रेवाल्या बाईने, रंभाबाई तिचं नाव, तिला पाणी दिलं आणि विचारलं, काय झालं वं पोरी. पुष्पलता फक्त माझ्या फाकलेल्या बिजागरीत बोट घालून बसली होती.

त्या दिवशी ती रिक्षाने ऑफिसात गेली आणि मी रिक्षाने घरी आले. संध्याकाळी ती ऑफिसातून आणि चंपतराव उमरेडहून परतले. सगळं ऐकून ते म्हणाले की गाडी उद्याच खोलतो, नोकरी गेली खड्ड्यात. गोपिकाबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. तिने दुपारपासून अन्नाला हात लावला नव्हता. पुष्पलता दोघांपुढे उभी राहिली.

"मले बी भेव लागलं, बाबा. लय भेव लागलं. पन तुमी गाडी खोलली तं मी जन्मभर ह्याच खोलीत बसन. खीळ द्या मले. मी उद्या जातो."

गोपिकाबाई उठली. पूजा झाली होती, पण रिवाजाप्रमाणे हत्यार उचलायला अजून सकाळ व्हायची होती. तिने पाटासमोर हात जोडले, पुटपुटत माफी मागितली आणि पाटावरची खीळ उचलून स्वतःच्या हाताने माझ्यात घातली. आडवी पिन लावली. त्या दिवसापासून रोज सकाळी पुष्पलता निघायच्या आधी गोपिकाबाई येऊन माझ्या खिळीवरून बोट फिरवायची. पिन चाचपली की पदराला हात पुसून आत जायची. पुढच्या दसऱ्यापासून हळदकुंकू बिजागरीवरच वाहिलं जाऊ लागलं. खीळ पुन्हा कधी पाटावर गेली नाही.

चंपतरावांनी मात्र एक गोष्ट केली. चांगल्या मनाने केली. त्यांनी ती आखूड वायर काढली आणि लांब, जाड, नवी वायर घातली. पोर पुन्हा रस्त्यात अडकून पडायला नको, म्हणाले. दिसायला मी सुरेख झाले. पण त्या वायरीनेच मला थांबवलं होतं, हे त्यांना कोण सांगणार? आता बिजागरी कितीही फाकली तरी ही वायर ताणली जाणार नाही. आता मी थांबणार नाही.

याला सहा वर्षं झाली. पुष्पलताची यंदा उमरेडला बदली झाली. तिथल्या ऑफिसासमोरच तिला खोली मिळाली, गाडीची गरज उरली नाही. जाताना तिने माझ्या हँडलवर डोकं टेकलं. चंपतराव आता फारसे बाहेर पडत नाहीत. चार महिने मी भिंत आणि मागाच्या मध्ये घडी होऊन पडले होते. खरं सांगते, सुखात होते. घडी घातलेल्या गाडीची घडी पडत नाही.

पण आजपासून मी अंजनाबाईची. मागच्या गल्लीतली, एका प्रसूतिगृहात आयाचं काम करते. पन्नाशीला आली आहे, गुडघे गेले आहेत, पायी जाववत नाही. आज सकाळी ती मला न्यायला आली आणि आल्या आल्या बटण कुठलं, घंटी कुठली, एवढंच विचारत होती. माझे पत्रे गार पडले. हिला खिळीचं कोण सांगणार?

गोपिकाबाई आतून आली, भिंत धरत धरत. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, आता ती विणत नाही. तिने अंजनाबाईचा हात चाचपडत धरला, तिचं बोट माझ्या खिळीवर ठेवलं आणि खालच्या आडव्या पिनेपर्यंत नेलं.

"रोज आधी इथं बोट लाव," ती म्हणाली, "मंग बस. सन असो, घाई असो, कोनी मेलं असो. मले लावाले माहीत नोयतं, म्हनून माही पोरगी मरत होती."

अंजनाबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पिन पुन्हा चाचपली, या वेळी स्वतःहून. मग ती बसली. बटण दाबलं. गल्लीच्या तोंडाशी तो जुना खड्डा अजून आहे.

मी अजून भिते आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी मिटणारी, उघडणारी वस्तू असेल, तर निघण्याआधी तिच्या खिळीवर एकदा बोट ठेवा. तिला सांगता येत नाही.